एकशे पासष्टच्या खाली

माझ्या आत्याच्या काखेखाली एक यंत्र बसवलं होतं, आणि ते तिचं बोलणं ऐकत असे.

चिंचोक्याएवढं यंत्र, कातडीच्या आत. वरून बोट फिरवलं की लागायचं. आत्या त्याला ननंद म्हणायची. "सगला ऐकते न् दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगते," असं म्हणून ती माझ्या आईकडे बघायची. "मी तुजी ननंद, ही माजी. फिटला बग सगला." आई पदराआड हसायची.

आत्या म्हणजे चांगुणा गावंड, तिवरखारची धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी आला तर ठीक, नाही आला तरी निभतं. धवलारीण मात्र हवीच. हळद दळण्यापासून मुलगी उंबरा ओलांडेपर्यंत एकेका विधीचा गायचा एकेक धवला असतो. धवलारीण ओळ टाकते, भोवतालच्या बायका ती परत म्हणून झेलतात, आणि तिच्या तोंडून ती ओळ आल्याशिवाय विधी झाला असं कुणी मानत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. आजीच्या गळ्यातून ते आत्याच्या गळ्यात आलं, आणि आत्याच्या गळ्यातून माझ्या गळ्यात यायचं होतं. खाडीवर पुलांमागून पूल झाले, मिठागरांच्या जागी संगणकांची शीतघरं उभी राहिली, बंदरातल्या क्रेन माणसांशिवाय चालायला लागल्या. त्या क्रेनवर नजर ठेवायची हीच माझी नोकरी. पण धवला अजून माणसाच्याच तोंडचा लागतो.

माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी आत्याच्या दंडावर जांभळे डाग उठायला लागले. कुठे आपटलं नाही, धडपडलं नाही, नुसते डाग. मग जिना चढताना धाप. मग एका सकाळी दात घासताना थांबेना असं रक्त.

रक्त हाडांच्या पोकळीतल्या मगजात तयार होतं. उन्हात मिठागराच्या कोंडीतलं पाणी आटत जातं, तसा आत्याचा मगज आटत चालला होता. दुसऱ्याचा मगज घालता येतो, पण जुळणारा माणूस मिळाला नाही. माझे बाबा तिचे सख्खे भाऊ, तेही जुळले नाहीत. बाहेरचं रक्त चढवून चढवून तिचं अंग परक्या रक्ताशी भांडायला लागलं. शेवटी डॉक्टर रुबीना मुकादम म्हणाल्या, "एक जुनं औषध आहे. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "जिमवाली पोरं टोचतात ती?"

"तीच. पोरं शर्टाची बाही फाटावी म्हणून टोचतात, आम्ही मगज जागा व्हावा म्हणून देतो." डॉक्टरांनी कागदावर दोन बाण काढले. "पुरुषाच्या शरीरात जे संप्रेरक असतं, त्याची ही प्रयोगशाळेत घडवलेली भावंडं. त्यांची कामं दोन. एक, बांधायचं. स्नायू, हाडं, रक्त. दुसरं, पुरुषपण आणायचं. मिशा, जाड आवाज. ही दोन कामं एकमेकांपासून सोडवायची म्हणून माणसं शंभर वर्षं धडपडतायत. बरीच सुटली, पूर्ण नाही. शिवाय यकृतावर ताण, रक्तदाब, हृदय. म्हणून हे यंत्र. रोज थोडं थोडं औषध सोडतं, रक्त मोजतं, यकृत मोजतं, आणि आवाज ऐकतं."

"आवाज कनाला?" आत्यानं विचारलं.

"बाईला हे औषध जास्त झालं की स्वरतंतू जाड व्हायला लागतात. इतर काही दिसायच्या आधी ते आवाजात कळतं. आणि एकदा जाड झाले की परत पातळ होत नाहीत."

बोलताना गळ्यातले ते तंतू थरथरतात. सेकंदाला जितक्या वेळा थरथरतील तितका आवाज उंच. आत्याचा आकडा निघाला एकशे अठ्ठ्याण्णव. यंत्रात रेघ होती एकशे पासष्टची. आवाज आठवडाभर तिच्या खाली राहिला की यंत्र आपणहून औषध कमी करणार.

"म्हंजे माज्या गल्याला राखनदार," आत्या म्हणाली. "बरी हाय ननंद."

दोन वर्षं सोन्यासारखी गेली. डाग गेले, हिमोग्लोबिन दहावर टेकलं, आत्यानं त्या दोन वर्षांत एकतीस लग्नं लावली.

मग माझं लग्न ठरलं, माघातलं. मुलगा हर्षल, शेजारच्या गावचा, बंदरातलाच. आत्या म्हणाली, "आश्विनापासून बस माज्यासमोर. तुज्या लग्नात मी म्हनीन. तुज्या पोरीच्या लग्नात तू."

धवला शिकवायचा आमच्या घरचा एक नेम आहे. शिकवणारीनं आणि शिकणारीनं एकमेकींशी साधं बोलायचं नाही. जे बोलायचं ते धवल्याच्या सुरात. पाणी हवं तरी सुरात, मीठ जास्त झालं तरी सुरात. तो सूर उंच जात नाही. पोटातून निघतो, जमिनीलगत चालतो, म्हणून तर सहा सहा तास पुरतो. आत्या भाकरी थापता थापता म्हणायची,

तवा गो तापला, पीठ आन डब्यातला
कस्तुरी माजी बाय, चित नाय तिचा कामाला

आणि मी तसंच खालून उत्तर द्यायचे. बाबा वैतागायचे. "कांदे कुठं ठेवलेत ते सरल सांगाल का कोनी?" दीड महिना आमच्या घरात आत्याच्या तोंडून साधं वाक्य म्हणून निघालंच नाही.

यंत्राला धवला ठाऊक नव्हता.

यंत्र माझ्या फोनला जोडलेलं होतं. त्यावर निरोप आला: "संरक्षण पातळी एक सुरू. रुग्णाचा आवाज सुरक्षित. काळजीचे कारण नाही." नंतर पातळी दोन. नंतर तीन. तिन्ही मी वाचले. क्रेनच्या पडद्यावर असले दिवसाला पन्नास निरोप येतात. हिरव्या अक्षरांतले सोडून द्यायचे, लाल तेवढे बघायचे. हे हिरवे होते. 'सुरक्षित' हा शब्द वाचून मला बरंसुद्धा वाटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलीच हळद भोईरांकडची होती. आत्या जात्याशी बसली. तिसऱ्या धवल्याची अर्धी ओळ म्हणाली आणि थांबली. बायका झेलायला तोंड उघडून तयार. उरलेली ओळ आलीच नाही. आत्याचे ओठ तांदळाच्या पिठासारखे झाले होते.

हिमोग्लोबिन पाच पॉइंट चार. डॉक्टरांनी मुश्किलीनं जुळणाऱ्या रक्ताच्या दोन पिशव्या मिळवल्या, मग यंत्राची नोंद पडद्यावर उघडली.

"तीनदा औषध कमी झालंय. बोलण्याचा आवाज एकशे अठ्ठेचाळीस कसा आला?"

मी नेम सांगितला. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "यंत्राला वाटलं, बाई बोलतेय."

"बोलतच होती," मी म्हणाले. आणि मग ते तीन हिरवे निरोप त्यांच्यासमोर धरले. त्यांनी तिन्हींच्या तारखा नोंदीशी ताडून बघितल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गाणं वगळून ऐक, असं यंत्राला शिकवता येईल," त्या म्हणाल्या. "पण तेवढ्यानं भागत नाही. मी आत्ता त्यांचं साधं बोलणं मोजलं. एकशे अडुसष्ट. दोन वर्षांचं औषध आहे, आवाज खराच उतरलाय. पुन्हा पहिल्या मात्रेवर नेलं तर दोन महिन्यांत रेघेच्या खाली जाणार, आणि यंत्र पुन्हा मूठ आवळणार."

पलंगावरून आत्या म्हणाली, "मंग रेघ पुसा."

"ती माझ्या हातात नाही, चांगुणाबाई. मर्यादा बदलायची परवानगी देणाऱ्या समितीच्या हातात आहे."

"मारली कोनी ती?"

"बनवणाऱ्यांनी हजारो बायकांना विचारलं होतं. कोणत्या दुष्परिणामाची सगळ्यात जास्त भीती वाटते? बहुतेकींनी आवाज सांगितला. त्यांच्या भल्यासाठीच ठेवलीय."

"त्या हजारांत मी नव्हते," आत्या म्हणाली आणि कूस बदलली.

त्या दिवशी मी जे केलं ते सांगते. हर्षलला फोन केला. एकोणिसाव्या वर्षी त्यानं जिममध्ये ही औषधं टोचून घेतली होती, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, तुझा तो जुना माणूस अजून देतो का? शिवाय माझ्या डोक्यातला दुसरा बेतही त्याला सांगितला: रोज सकाळी आत्याऐवजी मीच यंत्रापाशी तोंड नेऊन बोलायचं. माझा आवाज दोनशे दहा. ननंद खूश.

हर्षल दुपारी इस्पितळात आला. पलंगाशी उभा राहिला, पण हात खिशातून काढेना.

"खिशात कय हाय?" आत्यानं विचारलं.

त्यानं कुपी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली. "हीच ती?"

"हीच. मी तुमच्या चौपट घ्यायचो, आत्या. सोळा महिने. कुनी कागद मागला नाय, कुनी रेघ मारली नाय. पावडरच्या डब्यामागून काढून द्यायचे. आता माजा हृदय वाढलाय. दोन गोल्या रोज, जलमभर." त्यानं कुपीकडे बोट केलं. "मला गरज नव्हती, मला कुनी अडवला नाय. तुमाला गरज हाय, तर समितीच्या सात मानसांसमोर हात जोडायचे."

"हात कोन जोडतोय?" आत्या म्हणाली. तिनं मला खुणेनं बोलावलं, कुपी माझ्या हातात दिली. "बेसिनमधी ओत. आनि ननंदेच्या कानाशी तू बोलायचीस, तो बेत पन त्याच्याबरोबर ओत. फोनवर बोललीस ते ऐकला मी. चोरून जगायचा नाय मना. उद्या यकृत सुजला तर डॉक्टरीनबायना कय सांगनार, कोनाचा आवाज ऐकून किती औषद गेला? माजा जीव माज्या नावावर लिवून पायजे."

मी ओतलं. नळ बराच वेळ सोडून ठेवला.

डॉक्टरांच्या अर्जावर समिती पडद्यावर आली. सात चौकटी, सात चेहरे. आत्या पलंगावर टेकून बसली, कपाळाला मोठं कुंकू, डोक्यावर पदर. डॉक्टर मुकादम शेजारी उभ्या.

एक गृहस्थ फार सौम्य बोलत होते. आवाजाचे तज्ज्ञ होते. "चांगुणाबाई, तुम्ही गाणाऱ्या आहात. खरं सांगायचं तर ही मर्यादा तुमच्यासारखींसाठीच आहे. गेलेला आवाज परत येत नाही. आज तुम्ही घाबरलेल्या आहात. उद्या पश्चात्ताप झाला तर दोष कुणाला देणार?"

"मना. माजाच नाव लिवा."

"कमी मात्रेवर राहता येईल. अधूनमधून रक्त..."

"रक्त जुलत नाय, ते तुमच्या कागदात लिवलाय. सहाव्या पानावर. पोरीनं वाचून दाखवला मना." आत्या थोडी पुढे झाली. "दादा, एक विचारू? मेलेल्या बाईचा आवाज किती भरतो तुमच्या मापात?"

आवाजाच्या तज्ज्ञांनी सहावं पान उघडलं. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"मी अडानी नाय," आत्या म्हणाली. "यकृताची रेघ ठेवा. हृदयाची ठेवा. त्या हाडामासाच्या रेघा हायत, त्या ओलांडल्या तर मी मरंन. पन आवाजाची रेघ तुमच्या मनाची हाय. बाईचा आवाज इथपर्यंत बाईचा, त्याच्या खाली नाय, हा ठरवनारे तुमी कोन? गला माजा हाय. त्याच्यातून धवला जातो तसा घास पन जातो, श्वास पन जातो. कय राखायचा न् कय सोडायचा ते मी बगीन."

एक बाई सदस्य होत्या, इतका वेळ मान खाली घालून लिहीत असलेल्या. त्यांनी वर बघितलं. "डॉक्टर मुकादम, रुग्णाला सगळे धोके समजलेत असं तुम्ही लिहून द्याल?"

"माझ्यापेक्षा नीट समजलेत," डॉक्टर म्हणाल्या.

तीन दिवसांनी रेघ निघाली. आवाजाच्या रकान्यात आकड्याऐवजी लिहून आलं: रुग्णाच्या इच्छेनुसार. पातळ्या बंद. यंत्र आवाज मोजून फक्त नोंद ठेवणार, आणि रेघेखाली गेलं की काखेत बारीकसं थरथरणार. ते काही कंपनीनं काढून दिलं नाही.

पौषात आत्याचा आवाज फुटला. तेरा वर्षांच्या पोराचा फुटतो तसा. चहा मागायला जायची आणि अर्धं वाक्य माळ्यावर, अर्धं तळघरात. ती स्वतःच हसायची, मग हसणंही फुटायचं. ओठांवर लव आली. शेजारणींनी नजर चुकवली की म्हणायची, "बगा की, लाजताव कनाला? हलदीचा रंग मिशीला चांगला चढतो." पण एकदा दुपारी मी मागच्या दारी गेले, तर ती तोंडावर पदर धरून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि दर वेळी एकाच जागी सूर निसटत होता. मी परत फिरले. त्या दिवशी ती जेवली नाही. गाल मात्र भरत होते. दंड स्वच्छ होते. हिमोग्लोबिन साडेनऊ.

लग्नाच्या आठ दिवस आधी हर्षलची आई आली. प्रमिलाकाकू. पिशवीतून त्यांनी मखमली डबी काढली. आत एक कंठी होती, बारीक, सोनेरी. गळ्यात घालायची, आतलं यंत्र ओठांची आणि गळ्याची हालचाल ओळखून दुसरा आवाज काढतं.

"जुन्या लग्नांच्या रेकॉर्डिंगवरून बनवून घेतली," काकू म्हणाल्या. "तुम्ही नुसते ओठ हलवायचे. आवाज पहिल्यासारखा. राग मानू नका, चांगुणाबाय. माझ्या हळदीला तुम्हीच होतात. आई नव्हती मला, तुमचा आवाज ऐकून वाटलं, आली. आणि आता सुनेला बाप्याच्या आवाजात हळद लावायची म्हंजे... लोक हसतील हो. तुम्हालाच हसतील."

आत्यानं डबीतलं बटण दाबलं. खोलीत तिचा जुना आवाज उमटला. पातळ, गोड, कडेला किंचित खरखरीत. तिनं अख्खा धवला ऐकला. मध्ये एकदा ओठ हलले, पण आवाज काढला नाही.

"छान म्हनायची ही बाई," ती म्हणाली. तिचा नवा आवाज आता स्थिरावला होता, रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा. "पन ती कार्तिकात मेली असती, प्रमिला. मी हाय."

तिनं डबी मिटून काकूंच्या हातात दिली. "ही तू ठेव. आयची आठवन आली का लाव. मांडवात मी म्हनीन ती माज्या गल्यानं. नको असंल तर आज सांग. दुसरी धवलारीन बोलव, मी पोरीच्या मागं गुपचूप उभी राहीन, मना त्याचा राग नाय. पन दुसऱ्याच्या आवाजावर तोंड हलवनार नाय."

काकूंनी डबी पिशवीत टाकली. दुसऱ्या धवलारणीचं नाव न काढता निघून गेल्या.

हळदीची सकाळ. मांडवात उंबराची फांदी, खाली पाट, पाटावर मी. आत्या समोर बसली. तिनं मला हळदीचं पहिलं बोट लावलं आणि पहिली ओळ टाकली.

पयला धवला गो, धरतरी मातेला
जिच्या गो पोटाचा, रंग लागला हलदीला

इतक्या खालून आली ती ओळ की पाटातून माझ्या पायांना लागली. झेलणाऱ्या बायकांनी तोंडं उघडली आणि तशीच ठेवली. तितकं खाली कुणाला उतरताच येईना. एकीनं प्रयत्न केला, खोकला आला. मागे पोरी फिसकन हसल्या. प्रमिलाकाकू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होत्या.

ओळ झेलली गेली नाही तर धवला पुढे जात नाही. आत्या थांबली. तिनं कुणाकडे बघितलं नाही. हळदीचं बोट माझ्या गालावर तसंच होतं.

आमच्यात हळदीला नवरी तोंड उघडत नाही. मान खाली, नजर खाली. मी मान वर केली. आत्याच्या सुराच्या बरोबर एक मजला वर माझा सूर होता. जागा मोकळीच होती. मी ती ओळ झेलली.

मागून आईनं धरली. माझी आई, जी देवाची आरतीसुद्धा ओठांत पुटपुटते. मग एक, मग चार, मग सगळ्या. खाली आत्याचा सूर, वर आमचा. धवल्याला दोन मजले मी पहिल्यांदा ऐकले.

दुसरा झाला, तिसरा झाला. भोईरांकडे जिथे तुटला होता ती ओळ आली आणि गेली. चौथ्याच्या मध्यावर आत्या दचकली; काखेत यंत्र थरथरलं होतं. तिनं कोपर अंगाशी दाबलं. धवला चालू असताना साधं बोलायचं नाही, हा नेम. तेव्हा तिनं सुरातच, त्याच चालीवर, हळदीचा हात न थांबवता म्हटलं,

गप गो ननंदबाय, कागाल्या नको करू
जिवंत मी हाय गो, धवला मना दे सरू

बायकांना वाटलं, ही पुढची ओळ. सगळ्यांनी ती झेलली, दोनदा झेलली. आणि त्यात सगळ्यांच्या वर, डोळे मिटून, प्रमिलाकाकूंचा आवाज होता.

आता मी पोरींना शिकवते तेव्हा चौथ्या धवल्यात ती ओळ येते. आत्या आतून ओरडते, "काढ ती, ती धवल्यातली नाय!"

मी काढत नाही.